‘माफ करा’ म्हणू नका, ‘परत जमा करा’ म्हणा: बँकेने कापलेले चार्जेस परत मिळवताना

शाखेत जाऊन ‘सर, तेवढा चार्ज माफ करा ना’ म्हटलं, की प्रकरण तिथेच हातातून जातं. माफी द्यायची की नाही ही मॅनेजरची मर्जी. अर्धी रक्कम दिली की त्याच्या लेखी उपकार झाला आणि विषय संपला. नियम मोडून कापलेले पैसे परत जमा करणं मात्र कुणाच्या मर्जीवर नसतं. बँकेच्या बोलीत पहिल्याला ‘वेव्हर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रिव्हर्सल’. अर्जात, ईमेलमध्ये, फोनवर, सगळीकडे दुसराच शब्द वापरायचा आणि त्याला नियम जोडायचा.

आपल्याकडे साध्या बचत खात्याला ओव्हरड्राफ्ट (खात्यात नसलेले पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची सोय) नसतोच बहुधा. तरी शिल्लक उणे दिसते किंवा पगार जमा होताक्षणी त्यातून पाचसहाशे रुपये गायब होतात, कारण बँक न वसूल झालेले चार्जेस खात्यावर ‘लीन’ (पुढे येणाऱ्या पैशांवरचा आपला हक्क) म्हणून मांडून ठेवते. खराखुरा ओव्हरड्राफ्ट व्यापाऱ्याकडे असतो, इंदुरात सियागंजातल्या दुकानदाराकडे किंवा पोलोग्राउंडवरच्या छोट्या कारखान्याकडे. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. बचत खात्याची प्रकरणं जास्त, म्हणून आधी ती.

स्टेटमेंट घेऊन बसा

निदान बारा महिन्यांचं स्टेटमेंट नेटबँकिंगमधून पीडीएफमध्ये काढा. जुनं हवं असेल तर शाखेतून मागा. पासबुकावर विसंबू नका. त्यात बऱ्याच नोंदी एकत्र छापतात आणि जीएसटीची ओळ वेगळी सापडत नाही. पेन्सिल घेऊन ‘एमएबी’, ‘एएमबी’ किंवा ‘क्यूएबी’ (सरासरी शिल्लक), ‘एनएसीएच आरटीएन’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ (परतलेला हप्ता), ‘एसएमएस चार्ज’, ‘इन्सिडेंटल’, ‘लेजर फोलिओ’ (खातं सांभाळण्याचे चार्जेस) आणि ‘डीसीएल’सारख्या (नाकारलेला व्यवहार) खुणा असलेल्या एटीएमच्या नोंदींवर गोल करा. वहीत पाच रकाने आखा: तारीख, स्टेटमेंटमधले नेमके शब्द, रक्कम, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, आणि का चूक आहे ते. शेवटचा रकाना ज्या नोंदीपुढे कोरा राहील ती अर्जात घालायची नाही. चार पक्क्या मागण्यांत दोन कच्च्या मिसळल्या की उत्तर कच्च्यांचं येतं.

मे महिन्याच्या अखेरीस २० आणि ४३६ रुपये गेलेले दिसले तर ते चार्जेस नाहीत. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विम्याचे हप्ते आहेत. तुम्ही संमती दिली नव्हती असं वाटत असेल तर संमतिपत्राची प्रत मागा. ती सापडली नाही तर हप्ता परत मागता येतो, पण हे प्रकरण वेगळ्या अर्जात.

किमान शिल्लक

या विषयावर रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यातल्या चार गोष्टी पाठ असाव्यात. शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, दंड त्यानंतर. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, म्हणजे जेवढे कमी पडले त्याच्या ठरावीक टक्के. दंड वाजवी हवा. आणि निव्वळ या दंडामुळे बचत खात्यातली शिल्लक उणे होता कामा नये. या चौथ्या मुद्द्यावर बँकेला उत्तर नसतं: स्टेटमेंटमध्ये शून्याखालची शिल्लक दिसत असेल आणि तिच्या वरच्या ओळीत फक्त किमान शिल्लकीचा दंड असेल, तर ते पान हाच पुरावा.

प्रमाणाचा हिशेब करून दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही, म्हणून तो इथे पुरता करू. समजा महिन्याची सरासरी ५,००० हवी. जूनचे दिवस ३०, म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज १,५०,००० व्हायला हवी. १ ते १० जून ९,००० होते: ९०,०००. ११ ते २२ जून २,५००: बारा दिवसांचे ३०,०००. २३ ते ३० जून १,०००: आठ दिवसांचे ८,०००. बेरीज १,२८,०००, सरासरी ४,२६६.६७, तूट ७३३.३३. दरपत्रकात तुटीच्या ६ टक्के लिहिलं असेल तर दंड ४४ रुपये, जीएसटी ७.९२, एकूण ५१.९२. बँकेने ५०० अधिक ९० असे ५९० कापले असतील तर ५३८.०८ रुपये परत मागायचे. रविवार आणि सुट्ट्याही मोजल्या जातात, आणि भरलेला चेक वटेपर्यंत धरला जात नाही. लोकांचा हिशेब बहुतेक याच दोन ठिकाणी चुकतो. बँकेचा दर ६ टक्केच असेल असं नाही. ज्या महिन्यात दंड कापला त्या महिन्याचं दरपत्रक मागा, आजचं नको.

आता यातली गंमत बघा. तेच ५९० रुपये ३ जुलैला कापले, तर जुलैचे उरलेले २९ दिवस खात्यात तेवढे कमी. जुलैची सरासरी त्यामुळे ५५२ रुपयांनी घटते आणि जुलैचाही दंड लागू शकतो. म्हणून नुसतं ‘रक्कम जमा करा’ लिहू नका. मूळ तारखेच्या ‘व्हॅल्यू डेट’ने (म्हणजे हिशेबात पैसे त्याच तारखेला आले असं धरून) जमा करा आणि पुढच्या महिन्यांची सरासरी पुन्हा काढा, असं लिहा. या एका वाक्याने कधी कधी तीनतीन महिन्यांचे दंड एकदम निघतात.

नोटिशीच्या मुद्द्यावर बँक सहसा ‘एसएमएस गेला होता’ म्हणते. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर गेला त्याची नोंद मागा. इंदुरातल्या मराठी घरांत ठरलेला घोळ असतो तो असा: मुलगी किंवा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, नवा नंबर घेतला, नवीन कंपनीने दुसऱ्या बँकेत पगारखातं काढलं. इथलं जुनं पगारखातं काही महिन्यांत गुपचूप साध्या बचत खात्यात बदललं आणि शून्य शिल्लकीची सवलत गेली. त्या बदलाची सूचना मिळाली नसेल तर तेही अर्जात लिहा. पण नंबर बदलल्याचं बँकेला तुम्ही कळवलंच नसेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, त्यावर सगळा भार टाकू नका.

खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्या बाजूने एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय ठरतं. अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. व्याज, चार्ज वगैरे बँकेने स्वतः टाकलेल्या नोंदी व्यवहारात मोजत नाहीत. जनधन किंवा दुसऱ्या कुठल्या मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक नसतेच, त्यामुळे तिथे या नावाची एक ओळ दिसली तरी ती चूक.

आणि आधी हे बघा की तुमच्या बँकेत तो दंड अजून आहे का. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये तो बंद केला. कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने १ जुलै २०२५ पासून. त्या तारखांनंतरची नोंद असेल तर एक ओळीचा अर्जही पुरतो.

इंदूर मेट्रो आहे आणि नाहीही

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या बरीच वर होती. शाखांच्या वर्गवारीत दहा लाखांच्या वरचं गाव ‘मेट्रोपॉलिटन’, म्हणून इथल्या शाखेत किमान शिल्लक मोठी मागतात. महू, सांवेर, देपालपूर ही निमशहरी गावं. तिथे खातं असेल तर मर्यादा कमी असते. दंड शहराच्या दराने कापलाय का ते तपासा. खातं कोणत्या शाखेचं आहे त्यावर हे ठरतं, तुम्ही राहता कुठे त्यावर नाही.

एटीएमच्या बाबतीत उलटं. तिथे मेट्रो म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद, एवढीच सहा. म्हणून इंदुरात दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, मुंबईत तीन. मशीन कुठे आहे ते धरायचं. मोफत व्यवहार संपल्यावर १ मे २०२५ पासून दर व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर, त्याआधी २१ होते. इंदूरच्या मशीनवरच्या चौथ्या व्यवहाराला चार्ज लागला असेल तर परत मागा. मशीनमध्ये नोटा नव्हत्या किंवा तांत्रिक बिघाडाने व्यवहार फसला, तर तो या मोजणीत धरायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. खात्यात पैसे नव्हते म्हणून फसला, तर त्याचा चार्ज मात्र लागू शकतो.

पैसे खात्यातून गेले पण मशीनमधून आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने आपणहून परत टाकायला हवेत. पुढच्या दर दिवसाचे १०० रुपये. यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे त्याच्याकडे पोचले नाहीत तर मुदत एकाच दिवसाची, नंतर तेच १०० रुपये रोज. हा २० सप्टेंबर २०१९ चा नियम. भरपाई न मागता द्यायची असते. दिली नाही तर दिवस मोजून आकडा तुम्हीच अर्जात लिहा.

एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरानुसार घ्यायचे, असं २०१३ पासून सांगितलेलं आहे. तिमाहीला सरसकट आकडा कापत असतील आणि त्या तिमाहीत दोनच संदेश आले असतील तर विचारा. रक्कम लहान असते, पण दुसऱ्या मोठ्या मागणीबरोबर ही ओळ जोडायला हरकत नाही.

हप्ता परतला तर

कर्जाचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परतला, की खात्याची बँक एक चार्ज लावते आणि कर्ज देणारी कंपनी दुसरा. पहिल्यांदा परतल्याचा चार्ज बहुतेक वेळा कायदेशीर असतो. तो परत मागण्यात वेळ घालवू नका. तीन ठिकाणी मात्र दम आहे. एकाच हप्त्यासाठी त्याच दिवशी दोनदा चार्ज लागलाय. मँडेट (खात्यातून हप्ता कापायची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द केल्याची पोच तुमच्याकडे असूनही हप्ता आला. आणि सगळ्यात भक्कम: हप्त्यापुरते पैसे होते, पण आदल्या दिवशी बँकेने चुकीचा दंड कापला म्हणून पंचवीसतीस रुपये कमी पडले. अशा वेळी आदल्या दिवशीची शिल्लक, दंड आणि परतलेला हप्ता या तीन ओळी एका कागदावर ओळीने लिहा. मूळ दंडाबरोबर परतीचा चार्ज आणि कंपनीने लावलेला चार्जही मागा.

ओव्हरड्राफ्ट खातं

इथे मंजुरीपत्र हातात घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. मर्यादा ओलांडल्याचा, स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा हिशेब) उशिरा दिल्याचा, नूतनीकरण रखडल्याचा दंड, जो काही असेल तो तिथे लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर तो मागताच येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ‘दंडव्याज’ बंद झालं. व्याजदरात दंड मिसळायचा नाही. तो वेगळा ‘दंड शुल्क’ म्हणून दाखवायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून, जुन्यांना नूतनीकरणाच्या वेळी किंवा ३० जून २०२४ पर्यंत हे लागू झालं. कर्जावरच्या या दंड शुल्कावर जीएसटी लागत नाही, असं २८ जानेवारी २०२५ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केलंय. तरी स्टेटमेंटात ती ओळ दिसते का बघा.

समजा मर्यादा पाच लाख. महिनाअखेरीला उचललेली बाकी चार दिवस ५,१२,००० राहिली. मंजुरीपत्रात ओलांडलेल्या रकमेवर सालाना २ टक्के दंड असेल तर तो १२,००० वर चार दिवसांचा, म्हणजे २ रुपये ६३ पैसे. पूर्ण ५,१२,००० वर तीस दिवस लावला तर ८४१.६४. आकडा शेकड्यांत दिसला की संगणकाने सगळ्या बाकीवर दंड लावलाय असं समजा. सूत्र साधं आहे: रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००.

अर्ज

इंदुरातल्या शाखेत अर्ज हिंदीत दिलेला बरा, इंग्रजीही चालतो. मराठीतला अर्ज टेबलाटेबलांवर फिरत राहतो. एक पान पुरे. वर खातं क्रमांक (शेवटचे चार आकडे ठळक), खाली वहीतला तक्ता, मग प्रत्येक नोंदीपुढे नियमाची तारीख, मग मागणी. मागणीचं वाक्य असं लिहा: ‘उपरोक्त राशि जीएसटी सहित मूल तारीख से खाते में वापस जमा करें तथा आगे के महीनों का औसत पुनः निकालें।’ शेवटी दोन गोष्टी जोडा: मागणी नाकारली तर कारण लेखी द्यावं, आणि नाकारण्यापूर्वी प्रकरण बँकेच्या अंतर्गत लोकपालाकडे गेलं होतं का ते सांगावं. अंतर्गत लोकपालाकडे ग्राहकाला थेट जाता येत नाही. मोठ्या बँकांना नाकारलेल्या तक्रारी आपणहून त्याच्यापुढे ठेवाव्या लागतात. हे वाक्य वाचलं की अर्ज सहसा शाखेत अडकत नाही.

‘फार जास्त चार्ज लावता’, ‘गरिबाला लुटता’ असं काही लिहू नका. दर किती ठेवायचा हा बँकेच्या व्यापारी निर्णयाचा भाग आहे आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल त्यात पडत नाही. आपलं म्हणणं एवढंच: तुम्हीच लिहिलेला नियम तुम्ही पाळला नाही.

अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि तोच बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून तक्रार क्रमांक घ्या. तोंडी किंवा फोनवरची तक्रार पुढे कामाला येत नाही. काउंटरवर ‘अरे भिया, हो जाएगा’ म्हणून कागद ठेवून घेतला आणि शिक्का दिला नाही, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

मध्येच फोन येऊन अर्धी रक्कम देतो, ‘समाधान झालं’ असं कळवा, म्हणतील. पैसे घ्यायला हरकत नाही. फक्त उत्तर असं पाठवा: अमुक रक्कम मिळाली, अमुक बाकी आहे, तक्रार चालू आहे. ‘रिझॉल्व्ह्ड’च्या लिंकवर बोट ठेवलं की पुढची वाट अवघड होते.

तीस दिवसांनंतर

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना झाली, त्यामुळे कोणत्या शहराचा लोकपाल हा प्रश्न उरला नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर मोबाइलचा ओटीपी देऊन तक्रार भरता येते. कागदावर द्यायची तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात पोस्टाने. माहितीसाठी १४४४८. फी काही नाही. मुदतीचा काठ गाठत बसू नका, तीस दिवस संपले त्याच आठवड्यात भरून टाका.

तक्रारी बाद होतात त्या अशा: बँकेकडे आधी लेखी तक्रार केलीच नव्हती, तीस दिवस व्हायच्या आत भरली, बँकेला लिहिलेल्या ईमेलची नुसती प्रत रिझर्व्ह बँकेला पाठवली, वकिलामार्फत केली, किंवा तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू आहे. पोर्टलवर बँकेकडच्या तक्रारीची तारीख विचारतात, तिथे शिक्क्यावरची तारीख टाका आणि शिक्क्याची प्रत, तक्ता व स्टेटमेंटची तेवढीच पानं जोडा. शंभर पानांचं स्टेटमेंट कुणी वाचत नाही.

सहकारी बँकेचं खातं असेल तर थोडं वेगळं. ५० कोटींपेक्षा कमी ठेवींच्या नागरी सहकारी बँका २०२१ च्या योजनेत नव्हत्या; अशांची तक्रार त्याच पोर्टलवरून रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे जाते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येतच नाहीत, त्यांच्यासाठी सहकार निबंधक.

लोकपालाकडे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना फी नाही. पाचसहाशे रुपयांसाठी तारखांचे हेलपाटे परवडत नाहीत हे खरं. ओव्हरड्राफ्टच्या मोठ्या रकमांना मात्र हाच मार्ग जास्त कामाचा.

पैसे आल्यावर स्टेटमेंट पुन्हा काढा. जीएसटीची ओळ बऱ्याचदा मागे राहते, म्हणजे ५०० येतात आणि ९० राहतात. तेवढ्यासाठी जुन्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लिहा. जमा कोणत्या तारखेने दाखवलीय तेही बघा. वैतागून खातं बंद करायचं असेल तर हे सगळं झाल्यावर करा, कारण बंद झालेल्या खात्याचं स्टेटमेंट नेटबँकिंगमध्ये दिसत नाही आणि ते मिळवायला शाखेतच पुन्हा अर्ज द्यावा लागतो.